पंचविसाची जुडी

दुसरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लाल शाईने दोन वाक्यं लिहिली होती. ‘वर्गात लक्ष नसते. पालकांनी लक्ष द्यावे.’ आईला वाचता येत नव्हतं, अण्णा रात्रपाळीला गेलेले. वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं आणि मी शहाणपणा करून पहिलं वाक्य गाळलं. “पालकांनी लक्ष द्यावं असं लिवलंय,” म्हटलं. आई विडीला दोरा गुंडाळत होती. म्हणाली, “मग मी आता काय करायलेय?”

त्या दोन वाक्यांत ‘लक्ष’ दोनदा येतं आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा. पहिलं लक्ष मुलीचं, म्हणजे एकाग्रता. दुसरं आईबापांचं, म्हणजे देखरेख, काळजी, कधी कधी नुसताच धाक. भाषेने दोन्हींना एकच शब्द का दिला असेल हा प्रश्न सातव्या वर्षी पडायचं कारण नव्हतं. पुढे मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवायला लागले, फळ्यावर ‘अवधान’ असा जडशीळ शब्द लिहायला लागले. वीस वर्षं तो शब्द लिहून झाल्यावर आता वाटतं, बाईंचा साधा शब्दच नेमका होता. फक्त वाक्यांचा क्रम चुकला होता. दुसरं लक्ष आधी, पहिलं त्याच्या मागून.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचं शेड. डाव्या भिंतीपलीकडे चादरींचा कारखाना. कारखाना म्हणजे आठ यंत्रमाग, धोट्याची खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत. उजव्या भिंतीपलीकडे पद्मशाली कुटुंब, त्यांचं बोलणं तेलुगूत. त्या घरातल्या अक्कांचा रेडिओ दिवसभर चालू, कारण मागांच्या आवाजात तो त्यांना एकटीलाच ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं आणि त्या आवाज वाढवायच्या. मधल्या खोलीत आम्ही चौघं आणि आमची मराठी. वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि गल्ली दचकून गप्प व्हायची. पाळण्यातली पोरं त्या शांततेने जागी होऊन रडायला लागायची. हे मी सांगते तेव्हा पुण्यातल्या लोकांना मी रंगवून सांगतेय असं वाटतं.

आई विड्या वळायची. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान हातावर, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडलं, दोरा. हे एक वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिच्या दोन-तीन विड्या झाल्या असत्या. मजुरी हजारावर. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचे हजार. संध्याकाळी माल विडी कंपनीच्या ब्रँचला न्यायचा, तिथे तपासणारा वाकड्यातिकड्या विड्या बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणत. छाट झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत, पान-तंबाखूचा हिशेब मात्र आपल्याच डोक्यावर.

या कामाचं कौतुक करायचा माझा विचार नाही. तंबाखूच्या धुळीने तिला जडलेला खोकला अजून आहे. पण एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. सवयीच्या बाईला विडी वळायला डोळे लागत नाहीत. हात आपलं काम करत राहतात आणि डोळे मोकळे असतात. आईचे डोळे दिवसातले कितीतरी तास आमच्यावर असत. ज्यांच्या आया धुणीभांडी करायला किंवा बांधकामावर जात, त्यांना हे मिळत नव्हतं. गरिबी गरिबीतही असा फरक असतो. ‘अल्प उत्पन्न गट’ असं एका शब्दात म्हटलं की तो पुसला जातो.

प्रगतिपुस्तकावर तिने अंगठा उठवला. मी गाळलेलं वाक्य तिला अक्कांच्या थोरल्या मुलाकडून कळलं असावं, कारण चारेक दिवसांनी तिने मला समोर बसवलं आणि विड्यांचा ढीग माझ्यापुढे सारला. “मोज. पंचवीस झाल्या की दे मला.”

पंचवीस ही संख्या सात वर्षांच्या पोरीला अवघड नव्हती. अवघड होतं ते पंचविसापर्यंत पोचणं. अकरा-बाराला नळावर ओरडा व्हायचा. चौदाला रेडिओवर ओळखीचं गाणं लागायचं. सतराला धाकटा भाऊ पाठीवर चढायचा. मी थांबायची, आणि थांबले की आकडा गेलेला असायचा. आई तो आकडा सांगायची नाही. तिला माहीत असायचा, याची मला खात्री आहे. ती फक्त विचारायची, “कुठं गेलतीस?”

“नळावर.”

“ये आता.”

आणि पुन्हा एकपासून. रागावणं नाही, ‘लक्ष कुठंय तुझं’ नाही. कुठं गेलतीस, एवढंच. मी खरंच जाऊन आले होते आणि ती माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसली होती, असं वाटायचं. काही दिवसांनी मला आपोआप कळायला लागलं की मी चाललेय. नळाचा आवाज यायचा, मन निघायचं, आणि उंबऱ्यावरच मला ते दिसायचं. मग कधी मी जायची, कधी नाही. दहा-बारा जुड्या झाल्या की आई मला उठवायची. आजच्या कायद्याच्या भाषेत याला बालमजुरी म्हणता येईल, आणि कुणी तसं म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही.

एकदा अण्णा दुपारी झोपेतून उठले आणि पाणी मागितलं. मला हाक मारली. आई म्हणाली, “मोजायलीय ती. नका बोलू.” आणि सूप खाली ठेवून स्वतः उठली. सूप खाली ठेवणं म्हणजे काय हे विडीवाल्या घरातच कळेल. मांडीवरून सूप उतरलं की पाच-सहा विड्या गेल्या. शिवाय आमच्याकडे पुरुषमाणसाने हाक मारल्यावर पोरीने न उठणं ही गोष्टच नव्हती. अण्णा काही बोलले नाहीत. मी मोजत राहिले, पण त्या जुडीत तेवीसच निघाल्या, हेही सांगून टाकते.

अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात हेलन नेव्हिल, कोर्टनी स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवते. लहान मुलाच्या डोक्यावर मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी चढवतात. डाव्या स्पीकरमधून एक गोष्ट सुरू होते, उजव्यातून त्याच वेळी दुसरी. मुलाला सांगतात, या बाजूची ऐक, ती सोड. गोष्टींच्या मध्ये बारीक आवाज पेरलेले असतात. ज्या बाजूला लक्ष असतं तिकडच्या आवाजाला मेंदू जास्त मोठा प्रतिसाद देतो, आणि हा फरक आवाज झाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच दिसायला लागतो. मूल तोंडाने काही सांगण्याच्या कितीतरी आधी.

२००९ मध्ये त्यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांवरचे निष्कर्ष छापले. मुलांचे दोन गट आईच्या शिक्षणावरून पाडलेले. कमी शिकलेल्या आयांच्या मुलांत हा फरक कमी निघाला. इथपर्यंत सगळ्यांना अपेक्षितच असतं. माझे विद्यार्थीही माना डोलावतात. खरी गोम पुढे आहे. हवी ती गोष्ट ऐकण्यात ही मुलं मागे नव्हती. नको ती गोष्ट बाजूला सारणं त्यांना जड जात होतं. नकोशा बाजूचा आवाज त्यांच्या मेंदूत दबत नव्हता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. दोन स्पीकर! आमच्या खोलीत डावीकडे माग, उजवीकडे तेलुगू रेडिओ, आणि कुठली गोष्ट ऐकायची हे सांगायला कुणी टोपीवाला नव्हता. पण हसू ओसरल्यावर दुसराच विचार आला. आमच्या गल्लीत नको तो आवाज कोणता होता? सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. आलं की ओरडा होतो, आणि तो जिला ऐकू आला नाही तिच्या घागरी रिकाम्या. माग अचानक थांबला तर वीज गेली की धागा तुटला की कुणाचा हात सापडला, हे बाया आवाजावरून ओळखायच्या. अशा जागी वाढणाऱ्या मुलाने एकाच आवाजाला कान देऊन बाकीचे बंद केले तर ते मूल हुशार की गाफील? त्याच्या मेंदूने चारी दारं उघडी ठेवली ती काही बावळटपणाने नाही. शाळेत मात्र तीन दारं बंद करून एकच उघडं ठेवावं लागतं, आणि ते शाळा शिकवत नाही. येत असेलच असं धरून चालते, नसेल तर लाल शाई.

मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देशातल्या माया या आदिवासी समाजातल्या मुलांवर बार्बरा रोगॉफ आणि मारिसेला कोरेया-चावेझ यांनी काम केलं आहे. दोन भावंडं. एकाला कुणीतरी खेळणं बनवायला शिकवतंय, दुसरं शेजारी नुसतं बसलंय, त्याला कुणी काही सांगत नाही. काही दिवसांनी त्या बसलेल्या मुलाला तेच खेळणं बनवायला दिलं. ज्यांच्या आया शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, जुन्या वळणाच्या घरांतली ती मुलं सरस ठरली. दुसऱ्याला शिकवताना त्यांनी बघून घेतलं होतं. माझी विडीही अशीच. मला कुणी शिकवली नाही, आईने तर हात लावायची मनाई केली होती. नवव्या वर्षी एकदा गुपचूप वळली तर बरी वळली गेली.

म्हणून ‘गरीब मुलांचं लक्ष कमी असतं’ हे वाक्य माझ्या वर्गात कुणी उच्चारलं की मी खडू खाली ठेवते. कमी नसतं. पसरलेलं असतं. ते गोळा करायला कुणीतरी समोर बसावं लागतं.

समोर कोण बसतं यावरच ऑरेगनवाल्यांचा २०१३ चा प्रयोग आहे. अमेरिकेत १९६५ पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी हेड स्टार्ट नावाच्या सरकारी बालवाड्या आहेत. तिथली तीन ते पाच वर्षांची १४१ मुलं त्यांनी घेतली आणि तीन गटांत वाटली. एका गटाला नेहमीची बालवाडी, बाकी काही नाही. दुसऱ्या गटात लक्ष वाढवण्याचे खेळ प्रामुख्याने मुलांशी, पालकांच्या बैठका मोजक्या. तिसऱ्यात मुलांचे खेळ होतेच, पण खरा भर पालकांवर. आठ आठवडे, दर आठवड्याला एकदा पालकांचा वर्ग. काय शिकवलं तिथे? घरातली उठण्या-जेवण्या-झोपण्याची घडी ठरलेली असू द्या, म्हणजे पुढे काय होणार याची मुलाला धास्ती राहत नाही. हुकूम सोडण्यापेक्षा दोन पर्याय द्या. चांगलं केलं तर नेमकं काय चांगलं केलं ते सांगा. मूल बोलतंय तर त्याची पाळी त्याला पुरती घेऊ द्या. आणि स्वतःचा ताण कसा उतरवायचा, हेही.

आठ आठवड्यांनी पुन्हा टोपी, पुन्हा दोन गोष्टी. तिसऱ्या गटातल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद बदललेला दिसला. ज्या गटात भर मुलांवर होता तिथे तसा बदल आला नाही. तिसऱ्या गटातल्या पालकांनी मुलं सांभाळताना येणारा ताण कमी झाल्याचं सांगितलं आणि मुलांशी बोलताना त्यांचं स्वतःचं बोलणं आटोपशीर झालं, पाळी बरोबरीची झाली.

मुलांच्या खेळांपैकी एक मला फार आवडतो. एक मूल रेषेच्या बाहेर न जाता चित्र रंगवतंय आणि बाकीची पोरं त्याच्या आजूबाजूला फुगे उडवून त्याचं चित्त विचलित करतायत. फुगे विकत आणून व्यत्यय तयार करायचा! आमच्याकडे तो घरपोच होता.

खेळांचं म्हणाल तर आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत, नुसतं नाव नाही. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र, म्हैस…’ आणि म्हशीला ज्याचा हात उडाला तो बाद. उडायला निघालेला हात जागच्या जागी धरून ठेवणं, हीच ती गोष्ट. प्रयोगशाळेत याच्यासाठी पडद्यावर चौकोन-गोल दाखवून बटण दाबायला लावतात. आईच्या हातात विडी असायची, त्यामुळे ती हात उडवू शकायची नाही. ती फक्त ‘भुर्र’ म्हणायची आणि आम्ही तिघं-चौघं पोरं जमिनीला बोटं टेकवून बसायचो. म्हैस कधी येणार हे तिच्या चेहऱ्यावरून कळू नये म्हणून ती विडीकडे बघायची. तिने विडीकडे बघितलं की म्हैस येतेय हे आम्ही ताडलं होतं.

पण हे सगळे दिवस सारखे नव्हते.

ज्या आठवड्यात छाट जास्त व्हायची त्या आठवड्यात आईचे डोळे आमच्यावर असूनही आमच्यावर नसायचे. हात चालू, नजर माझ्याकडे, आणि मी “झाल्या पंचवीस” म्हणून जुडी पुढे केली तरी ती घ्यायची नाही. कितीतरी वेळ हात तसाच पुढे. मग एकदम भानावर येऊन, “काय?” अशा वेळी मी तिला “कुठं गेलतीस” असं विचारायला हवं होतं. ते सुचलं नाही. ती कुठे जायची ते आता कळतं. दुकानदाराची उधारी, अण्णांच्या कारखान्यात माग बंद पडायच्या गोष्टी, भावाचा कान फुटलेला. त्या आठवड्यात मोजायला बसणं व्हायचं नाही. झालंच तर चुकल्यावर धपाटा बसायचा.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा. उसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. तोडणीआधी हात आखडलेला, तोडणीनंतर मोकळा. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी लक्ष आणि तर्काच्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी तीच माणसं कमी पडली. माणूस तोच, डोकं तेच. पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवून बसलेली.

हे दोन अभ्यास एकाच वर्षी निघाले, पण मी ते एकत्र वाचायला खूप वर्षं लावली. एक म्हणतो, मुलाचं लक्ष घडवायचं तर आईबापांना धरा. दुसरा म्हणतो, आईबापांचं लक्ष आधीच गहाण पडलंय. दुसरा ऐकला नाही तर पहिल्याचं व्याख्यान होतं. आणि व्याख्यानं आपल्याकडे भरपूर. मी ज्या शाळेत शिकले तिथली पालकसभा शनिवारी सकाळी अकराला असायची. आई एकदाच गेली. अर्धा दिवस मोडला, तीन-चारशे विड्या बुडाल्या. तिथे एका पाहुण्यांनी मुलांशी रोज तासभर गप्पा मारा असं सांगितलं. येताना आई म्हणाली, “त्या साहेबाला पोरं हायत का?” ऑरेगनच्या वर्गांची ही बाजू कुणी सांगत नाही: ते संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी भरत. पालकांचा रोज बुडू नये एवढं तरी त्यांना सुचलं होतं.

आपल्याकडे हे आधीच कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. वारल्यांची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतायत आणि शाळा शेजारी. अंगणवाडी म्हटलं की आज आपल्याला खिचडी, वजनकाटा आणि लसीकरणाचा तक्ता आठवतो. त्या शब्दातलं अंगण मात्र खरं अंगण होतं. मूल आईच्या नजरेच्या टप्प्यात, आई मुलाच्या हाकेच्या टप्प्यात. मूल काय करतंय हे आई जाता-येता बघायची, आणि ताई मुलांशी कसं बोलतात तेही. पालकसभा वेगळी भरवायची गरज नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. चांगलंच झालं. पण माझ्या विद्यार्थिनींना घेऊन अंगणवाड्या बघायला जाते तेव्हा मला ताईंचंच लक्ष दिसत नाही, कारण ते मोबाइलमध्ये आहे. पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी ॲप भरायचंय. २०२१ पासून हजेरी, वजन, उंची, आहार सगळं त्यात. मूल पायाशी येऊन “ताई, बघा” म्हणतं, ताई “हां हां, छान” म्हणतात, नजर पडद्यावर. त्यांना दोष देववत नाही. भरलं नाही तर वरून विचारणा होते. मूल काही वरून विचारणा करत नाही.

आणि आवाजाचं काय? न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या अगदी बाजूने उन्नत रेल्वे जायची. १९७५ मध्ये अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात पलीकडच्या बाजूच्या वर्गांपेक्षा मागे होती. मग रुळांवर रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या पट्ट्या लावल्या. पुन्हा तपासलं तर दोन्ही बाजू सारख्या. तिथे कुणी आईबापांचं प्रबोधन केलं नव्हतं. रबर बसवलं होतं. आमच्या डाव्या भिंतीला कुणी रबर बसवलं असतं तर मला जुड्या थोड्या कमी मोजाव्या लागल्या असत्या, असं मी वर्गात म्हणते तेव्हा विद्यार्थिनी हसतात. मी विनोद करत नसते.

तरीही अडून बसते ती गोष्ट आईचीच. माँटेसरीबाईंनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ मध्ये पहिलं बालगृह उघडलं, तेही आईबाप दिवसभर कामाला जात आणि पोरं मोकाट राहत म्हणून. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. बाईंनी इतर पोरांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. ती दट्टे मांडीवर घेऊन करतच राहिली, चाळीसपेक्षा जास्त वेळा. जगभर ही गोष्ट मुलीच्या एकाग्रतेची म्हणून सांगतात. मला त्यात उभ्या राहून मोजणाऱ्या बाई दिसतात. त्या मोजत होत्या म्हणून तर आपल्याला आकडा माहीत आहे.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेले होते. आई आता भावाकडे असते. माग उठून बरीच वर्षं झाली, त्या जागी तयार कपड्यांचं गोडाऊन आहे. वहिनी घरी बसून शाळेचे गणवेश शिवते, नगावर मजुरी. मशीनला डोळे लागतात, विडीसारखं नाही. त्यामुळे पाच वर्षांचा भाचा माझ्या आईच्या पदरात. तिची बोटं वाकडी झाली आहेत, विड्या केव्हाच सुटल्या. दुपारी दोघं शेंगा फोडत बसली होती, चटणीसाठी. आई फोडत होती, तो दाणे मोजून ढिगाऱ्या लावत होता. कोनाड्यात मोबाइल, त्यावर त्याचं कार्टून चालू, आवाज मोठा. कुणी बंद केलं नव्हतं. तो बघतही नव्हता.

मी बाहेरून आले ती पिशवी हातात घेऊनच. त्याला असं गढलेला बघून राहवलं नाही. वीस वर्षं शिकवलंय, नेमकं काय चांगलं केलं ते मुलाला सांगावं. “अरे वा, किती छान…” एवढं म्हणते तोच आईने शेंगा धरलेला हात माझ्याकडे केला.

“थांब की. मोजायलाय त्यो.”

तो सतरापर्यंत आला होता. गल्लीत गॅसच्या सिलिंडरची गाडी आली, त्याची मान वळली. बोट दाण्यावर तसंच. आईने एक शेंग फोडली, दुसरी फोडली.

“कुठं गेलतास?”

“गाडीवर.”

“ये.”

त्याने ढिगारी मोडली आणि एकपासून सुरू केलं. मी उंबऱ्यातच उभी होते, पिशवीत कलिंगड होतं आणि ते खाली ठेवायलाही आवाज झाला असता.